तिसरं गेट कुठून मोजायचं?

आमच्या बेळगावात टिळकवाडीच्या अंगाला पहिलं रेल्वे गेट, दुसरं रेल्वे गेट आणि तिसरं रेल्वे गेट आहे. पत्ते त्यावरूनच सांगितले जातात. ‘तिसऱ्या गेटच्या अलीकडं, डाव्या हाताला’ एवढं म्हटलं की रिक्षावाला मान डोलावतो. परक्या माणसाचं मात्र यावर भागत नाही. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं, “तिसरं, पण कुठून तिसरं?” प्रश्न अगदी रास्त होता. स्टेशनकडून मोजायचं, हे आम्हांला कुणी शिकवलेलं नाही. ते इथल्या माणसाच्या डोक्यात असतंच. आणि समजा, उद्या रेल्वेनं पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे आणखी एक गेट काढलं, तर?

हा ‘तर’ माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात २०२३ च्या पावसाळ्यात खरोखरच उभा राहिला, आणि त्यापायी एका मुलीची नोकरी जायची वेळ आली. विषय संगणकाच्या पोटातला आहे, पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. ज्याला पोस्टाचा पत्ता लिहिता येतो त्याला ही गोष्ट समजेल. माझ्या वडिलांना समजली, आणि ते ऐंशी पार केलेले आहेत.

मी बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरी बसून काम करते. २०२० च्या टाळेबंदीत सगळे आपापल्या गावी आले, त्यात मीही आले आणि इथंच राहिले. काम कर्नलचं. आमच्या गावात हा शब्द उच्चारायची पंचाईत आहे. बेळगावात कर्नल म्हटलं की कॅम्पातला, मराठा लाइट इन्फंट्रीचा, असंच लोक धरून चालतात. शेजारच्या काकूंनी कितीतरी दिवस माझा साहेब लष्करात आहे असा समज करून घेतला होता. माझा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिहायला घेतलेला आणि आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडं जाऊन बसलेला. यंत्राची स्मृती, डिस्क, तारा, वीज यांच्याशी बोलायचं ते त्यानंच. बाकीच्या साऱ्या प्रोग्रॅमांनी त्याच्यामार्फत अर्ज करायचा.

हा कर्नल आत काय करतो हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर जागोजागी नोंदीची ठाणी ठेवलेली असतात. त्यांना ट्रेसपॉइंट म्हणतात. एरवी ती झोपलेली असतात. तुम्ही चालू केलीत की तिथून जाणाऱ्या प्रत्येक घटनेची एक ओळ टिपून ठेवतात: किती वाजता, कोणत्या प्रोसेसरवर, काय झालं, का झालं. यातलं ‘का’ मोठं महत्त्वाचं. पण ठाण्यावरून सेकंदाला लाखांनी घटना जाऊ शकतात. प्रत्येकीचं कारण शब्दांत लिहीत बसलं तर यंत्राचा सारा वेळ लिहिण्यातच जाईल, आणि थर्मामीटर लावल्यामुळंच ताप चढावा तसा प्रकार होईल. म्हणून कारण आकड्यात लिहितात. ० म्हणजे हे, १ म्हणजे ते. प्रोग्रॅम लिहिणारा या आकड्यांना नावं देऊन ठेवतो. सी भाषेत नावांच्या अशा यादीला एनम म्हणतात. यादीत नावं एकाखाली एक लिहायची, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर सी भाषा त्यांना वरून खाली ०, १, २, ३ असे क्रमांक देते. आमच्या रेल्वे गेटांसारखेच.

आता हकीकत. आमची कंपनी डिस्का सांभाळणारं एक कार्ड बनवते. ते एका दूध संघाच्या हिशेबाच्या यंत्रात बसवलेलं होतं. पहाटे साडेतीनच्या सुमाराला टँकर यायला लागले की हे कार्ड मधेच स्वतःला रीसेट करून घ्यायचं. वीस-पंचवीस सेकंद पडदा गोठायचा, वजनाची नोंद अडायची, आणि बाहेर टँकरांची रांग लागायची. दूध थांबून राहण्याची वस्तू नव्हे. संघाचे मॅनेजर फोनवर जे बोलत ते या अंकात छापता येणार नाही, पण त्यांचं चुकत नव्हतं.

कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये रीसेटच्या जागी आमचं ट्रेसपॉइंट होतं. आमच्या देखभालीच्या माणसांनी तिथं जाऊन तीन रात्री नोंद घेतली आणि फाइल बंगळूरला पाठवली. ती उघडल्यावर प्रत्येक रीसेटच्या ओळीत ‘कारण’ या शब्दापुढं एकच गोष्ट दिसत होती: शून्य-एक्स-तीन. म्हणजे सोळाच्या पद्धतीनं लिहिलेला तीन. नाव नाही, नुसता तीन.

देखभाल खात्यात भिंतीवर एक तक्ता होता. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी कारणांची यादी छापून तिला लॅमिनेट करून घेतलं होतं. आपल्याकडं लॅमिनेट केलेल्या कागदाला शासन निर्णयाचा मान असतो. त्यावर शंका घ्यायची पद्धत नाही. तक्ता असा होता: ० सुरुवात, १ कार्डाचं उत्तर नाही, २ विजेचा दाब कमी, ३ ड्रायव्हरच्या रांगेत गोंधळ. तीन म्हणजे रांगेतला गोंधळ. आणि ड्रायव्हरची ती रांग चारच महिन्यांपूर्वी नव्यानं लिहिली होती धारवाडकडच्या एका मुलीनं. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती.

ती मला अक्का म्हणते. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, साहेबांनासुद्धा; ही एकटीच कानडी घरातली सवय सोडत नाही. त्या आठवड्यात तिनं आपले सातशे-आठशे ओळींचे कोड चार वेळा तपासले. तिला काही सापडेना. शुक्रवारी रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज कोरडा झाला होता. सोमवारी बैठक होती आणि तिथं काय ठरणार याचा वास तिला आला होता. कानडीतच म्हणाली, “अक्का, माझ्या टेबलावरच्या यंत्रात तेच ठाणं चालू केलं तर कारणाचं नाव येतंय. आकडा नाही. मग त्यांच्या फाइलमध्ये आकडा का येतो?”

या प्रश्नात सगळं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही त्या क्षणी नव्हतं. पण मी इतकी वर्षं या धंद्यात आहे त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे: एकच घटना दोन ठिकाणी वेगळी दिसत असेल तर आधी घटना सोडा आणि दिसण्याकडं बघा.

दिसण्याचं असं आहे. ट्रेसपॉइंटची नोंद वाचायचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात त्याच यंत्रावर ‘ट्रेस’ नावाची फाइल उघडायची. ती कर्नल स्वतः वाचून दाखवतो, आणि नावांची यादी त्याच्या घरचीच असल्यामुळं आकड्याच्या जागी तो नाव घालून देतो. हे काम करणाऱ्या सोयीला प्रिंट सिम्बॉलिक म्हणतात. तिला आकडा आणि त्याच्यासमोर छापायचा मजकूर अशा जोड्या द्यायच्या असतात. ती मुलगी हा रस्ता वापरत होती. दुसऱ्या रस्त्यात ट्रेस-सीएमडी किंवा पर्फ अशा हत्यारानं सगळी नोंद कच्च्या आकड्यांत उचलून फाइलमध्ये भरायची आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या यंत्रावर वाचायची. इथं वाचणारा कर्नल नसतो, परका प्रोग्रॅम असतो. त्याला अर्थ कळावा म्हणून कर्नल प्रत्येक ठाण्याबरोबर ‘फॉरमॅट’ नावाची एक छोटी फाइल ठेवतो. कुठला आकडा कितव्या बाइटपासून सुरू होतो, किती बाइटांचा आहे, आणि शेवटी ती ओळ कशी छापायची याचा नमुना. नोंद घेताना ट्रेस-सीएमडी हा नमुनाही फाइलमध्ये बांधून घेतं, शिधाबरोबर रेसिपी द्यावी तसं.

मी माझ्या यंत्रावर ती फॉरमॅट फाइल उघडली. छापण्याच्या नमुन्यात जोड्या होत्या, पण जिथं आकडे हवेत तिथं नावंच होती. रीसेट_लो_व्होल्टेज असेल तर ‘दाब कमी’ असं छाप, अशा धर्तीवर. आता परक्या प्रोग्रॅमला काय ठाऊक की रीसेट_लो_व्होल्टेज म्हणजे किती? त्याच्या हातात तीन आहे. तिसरं गेट आहे. कुठून मोजायचं ते सांगायला कुणी नाही. तो बिचारा तीनचा तीनच छापतो.

हे असं का राहतं याचं कारण मोठं गमतीदार आहे. सी भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत जाताना दोन कारकुनांच्या हाताखालून जातो. पहिल्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. त्याला अर्थ कळत नाही. या शब्दाच्या जागी तो शब्द ठेव एवढंच तो करतो, पण इमानानं करतो. दुसरा कंपायलर, त्याला भाषा कळते. आपण एखाद्या नावाचा आकडा ‘डिफाइन’ करून ठेवला असेल तर पहिलाच कारकून नावाच्या जागी आकडा लिहून टाकतो. एनममधली नावं मात्र पहिल्याला कळतच नाहीत, ती दुसऱ्याच्या खात्यातली. आणि छापण्याचा नमुना अवतरणचिन्हांच्या पाकिटात घालून बंद करायचं काम पहिला कारकून करतो. दुसऱ्याच्या टेबलावर तो येतो तेव्हा पाकीट चिकटवलेलं असतं. अवतरणातल्या मजकुराला कंपायलर हात लावत नाही. त्यामुळं आत नावं तशीच राहतात.

ही अडचण आमच्याच घरची नव्हती. कर्नलच्या लोकांना ती जुनीच माहीत आहे. परक्या हत्यारांनी आपल्यापुरती एक सोय करून ठेवली होती: काही ठराविक नावांचे आकडे, सॉफ्टआयआरक्यूची दहा नावं वगैरे, त्यांनी पाढ्यासारखे पाठ करून आपल्या पोटात ठेवले होते. पण पाठ किती करणार? स्टीव्हन रॉस्टेड हे या ट्रेसिंगच्या विभागाचे फार वर्षांचे कारभारी. त्यांनी २०१५ साली, लिनक्सच्या ४.१ या आवृत्तीत, ट्रेस डिफाइन एनम नावाची युक्ती आणली. तेव्हा उदाहरण दिलं होतं टीएलबी फ्लशच्या ठाण्याचं; तिथंही ‘का’ या प्रश्नाची उत्तरं एनममध्ये होती आणि बाहेरच्या हत्यारांना ती वाचता येत नव्हती.

युक्ती साधी आहे आणि मला ती फार आवडते. प्रोग्रॅमरनं आपल्या यादीतलं प्रत्येक नाव एकदा या मॅक्रोत लिहायचं. त्यातून एक वेगळा तक्ता तयार होतो: विभागाचं नाव, एनमचं नाव, आणि दुसऱ्या कारकुनानं भरलेला खरा आकडा. यंत्र सुरू होताना कर्नल हा तक्ता हातात घेतो, चिकटवलेली पाकिटं स्वतःच उघडतो आणि नमुन्यात जिथं जिथं ते नाव सापडेल तिथं त्याच जागेवर आकडा खरडतो. मागाहून जोडलेल्या मॉड्यूलचं असेल तर मॉड्यूल चढवताना हेच होतं. अवतरणातल्या माणसांसाठीच्या मजकुराला तो धक्का लावत नाही. तो आपल्याला वाचायचा असतो. नावाच्याच जागेत आकडा लिहायचा असल्यामुळं नाव आकड्यापेक्षा आखूड असेल तर जागा पुरायची नाही, म्हणून तेवढ्यासाठीही एक तपासणी ठेवली आहे. मोठ्या घरात एखादी वडीलधारी बाई डब्याच्या आकाराचासुद्धा विचार करून लाडू वळते, तसं हे काम आहे.

मग आमच्या ड्रायव्हरमध्ये ही युक्ती नव्हती का? होती! सगळी नावं ओळीनं लिहिलेली होती. शनिवारी सकाळी ते बघून मी चहाचा कप तसाच ठेवला. युक्ती आहे आणि फळ नाही. अशा वेळी बघायची एक जागा आहे, ‘इव्हॅल मॅप’ नावाची फाइल. कर्नल बनवताना तशी सोय चालू ठेवली असेल तरच ती दिसते. आमच्या चाचणीच्या कर्नलात ती होती. तिच्यात प्रत्येक ओळीला नाव, आकडा आणि कंसात विभागाचं नाव असतं. २०१७ पर्यंत तिला ‘एनम मॅप’ म्हणत. आमची पाचही नावं तिथं होती, आकड्यांसकट. पण कंसात विभाग होता ड्रायव्हरचा मूळ विभाग. आणि रीसेटचं ठाणं, कुणीतरी मागाहून नीटनेटकेपणा म्हणून वेगळ्या फाइलमध्ये काढलेलं, दुसऱ्याच विभागाच्या नावानं नोंदलेलं होतं. कर्नल तक्ता वापरतो तो त्या त्या विभागापुरताच. एका विभागाची नावं दुसऱ्या विभागाच्या पाकिटात तो घालत नाही. घालू नयेच, दोन घरांत एकच लाडकं नाव असू शकतं.

आणि आता ते दुसरं. इव्हॅल मॅपमध्ये पाच नावं होती. भिंतीवरच्या तक्त्यात चार. मधे कधीतरी एकानं ‘तापमान जास्त’ हे नवं कारण यादीत घातलं होतं, आणि ते शेवटी न घालता, वाचायला बरं दिसतं म्हणून, ‘उत्तर नाही’च्या खाली घातलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे नवं गेट. त्याखालचे सगळे एकेक पुढं सरकले. तीन म्हणजे आता रांगेतला गोंधळ नव्हता. तो झाला होता चार. तीन म्हणजे विजेचा दाब कमी.

मी फोन उचलला आणि तिला सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाली, “अक्का, पण त्यांच्या यंत्रावर जुनं ड्रायव्हर असेल तर?”

शहाणी मुलगी. स्वतःच्या सुटकेपेक्षा खरं काय ते तिला हवं होतं. आणि प्रश्न बिनतोड होता. नावांची यादी आवृत्तीप्रमाणं बदलते. कुठल्या यादीनं वाचायचं हे आकडा सांगत नाही. सुदैवानं ट्रेस-सीएमडीच्या फाइलमध्ये नोंद कुठल्या कर्नलवर घेतली तेही लिहिलेलं असतं, आणि आमच्या पेटीत कर्नल आणि ड्रायव्हर बरोबरच जातात. तिनं पाच मिनिटांत काढून दाखवलं. नवीनच होता.

त्याच दिवशी दुपारी जेवताना अण्णांनी विचारलं, “दोन दिवस काय ते आकडे-आकडे लावलं आहेस?” अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपाल निवडण्यात त्यांचा जन्म गेला. रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात, समोर खणांची भिंत आणि हातात पत्रांचा गठ्ठा. मी त्यांना सगळं सांगितलं. गेटांचा दाखला दिला. ते जेवता जेवता थांबले.

“असं आहे की,” ते म्हणाले, “आम्हांला पिन कोड आला १९७२ साली, पंधरा ऑगस्टला. श्रीराम भिकाजी वेलणकर म्हणून आपलेच अधिकारी, संस्कृतचे पंडित, त्यांनी बसवला. त्याआधी पत्ता वाचायला चार लिप्या याव्या लागत. मराठी पत्ता, कानडी पत्ता, एकाच नावाची दहा गावं. पिन आल्यावर आकडा बघायचा आणि खणात टाकायचं. पाचनं सुरू झालं की कर्नाटक-आंध्र, चारनं सुरू झालं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश. बेळगाव ५९०, कोल्हापूर ४१६. भाषा येवो न येवो.”

“मग आकडाच बरा, असंच ना?” मी म्हटलं.

“आकडा बरा कशानं? तक्ता बरा म्हणून! आमच्याकडं दिल्लीपासून खानापूरपर्यंत एकच पुस्तक होतं. नवं पोस्ट निघालं तर त्याला नवा नंबर. मधे घुसवून बाकीच्यांचे नंबर सरकवले असते तर आम्ही अर्ध्या देशाची पत्रं उलटी पाठवली असती की!”

अण्णांच्या या बोलण्यात मला आमच्या गावाचंही काही दिसलं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदावर गावाचं नाव बेळगावी झालं. घरी आम्ही बेळगावच म्हणतो, कानडी शेजारी आधीपासून बेळगावी म्हणत आले. नावावरून इथं काय काय झालं आहे ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण त्या दिवशी ५९०००१ तसाच राहिला, आणि एकही पत्र चुकलं नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये याच्या उलटं झालं होतं. नावं जिथल्या तिथं, अक्षरही बदललेलं नाही, आणि खालचे आकडे गुपचूप सरकलेले. हे जास्त वाईट, असं माझं मत आहे. नाव बदललं की निदान भांडण होतं, लोकांना कळतं तरी. आकडा सरकला की कुणी ओरडत नाही; पत्र नुसतं दुसऱ्याच्या दारात पडतं, आणि तो ते आपलंच समजून वाचतो.

सोमवारच्या बैठकीला मी पडद्यावर हजर होते. साहेब वाईट माणूस नव्हे, पण त्यांच्यापुढं तीन रात्रींचा पुरावा होता आणि पुराव्याखाली लॅमिनेट केलेला तक्ता. त्या मुलीनं एक शब्द तक्रारीचा न काढता फॉरमॅट फाइल आणि इव्हॅल मॅप शेजारी शेजारी लावून दाखवले. मी मधे बोलले नाही. गरजच पडली नाही. साहेबांनी तक्त्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, आणि देखभालीच्या माणसाला म्हणाले, तो कागद आधी खाली काढा.

दूध संघात आमचा माणूस व्होल्टमीटर घेऊन पहाटे तीनला जाऊन बसला. साडेतीनला टँकर आले, दूध थंड करायचे मोठे कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले आणि त्याच लाइनवरच्या संगणकाच्या खोलीतले दिवे पिवळे पडले. यूपीएसच्या बॅटऱ्या नावापुरत्या उरल्या होत्या. इलेक्ट्रिशियननं खोलीला वेगळी लाइन ओढली, बॅटऱ्या बदलल्या, आणि रीसेट थांबले. ज्या रांगेसाठी मुलीला गुन्हेगार ठरवत होते तिच्यात काहीच नव्हतं.

ड्रायव्हरची दुरुस्ती तिनंच केली. ज्या विभागात ठाणं, त्याच विभागाच्या फाइलमध्ये नावं नोंदवली. शिवाय कर्नलमध्ये अनेक ठिकाणी करतात तसं केलं: यादी एकाच जागी लिहायची आणि तिचाच दोनदा वापर करायचा, एकदा ट्रेस डिफाइन एनमसाठी, एकदा छापण्याच्या जोड्यांसाठी. म्हणजे नवं कारण आलं की एकीकडं घातलं आणि दुसरीकडं विसरलं असं व्हायला नको. एनममध्ये तिनं प्रत्येक नावापुढं आकडा स्पष्ट लिहून टाकला आणि वर एक टीप: नवीन कारण शेवटी घालावे. कंपनीत टिपा कोण वाचतं म्हणा. पण आकडा लिहिलेला असला की सरकत तरी नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला दुरुस्त करता येत नाही. जुन्या नोंदी. त्या फाइलींत नमुना बांधला गेला तो त्या वेळचा, नावंवाला. नवं ड्रायव्हर कितीही चांगलं असलं तरी त्या तीन रात्री आजही उघडल्या की शून्य-एक्स-तीनच दाखवतात. तिनं त्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवली आहे: या नोंदी कुठल्या आवृत्तीच्या, आणि त्या आवृत्तीत ०, १, २, ३, ४ म्हणजे काय. लॅमिनेट न केलेली.

तिची नोकरी कायम झाली. धारवाडहून पेढ्यांचा डबा आला. अण्णांना साखरेमुळं दोनच मिळाले, याबद्दल ते अजून माझ्यावर नाराज आहेत.

पुढं २०२५ साली मी कर्नलच्या बदलांवर नजर टाकत होते, तर हीच गोष्ट खुद्द मूळ घरात घडलेली. स्मृती मागण्याचे जे झेंडे असतात, जीएफपी फ्लॅग म्हणतात त्यांना, ते आधी डिफाइन होते. पहिला कारकून त्यांचे आकडे लिहून टाकी, म्हणून बाहेरच्या हत्यारांचं ठीक चाललं होतं. २०२४ साली कुणाला ती यादी एनममध्ये नेणं सोयीचं वाटलं, आणि ते योग्यही होतं. पण त्यासरशी पाकिटांत पुन्हा नावं उरली आणि पर्फ, ट्रेस-सीएमडी यांना पानांच्या वाटपाची ती नोंद वाचता येईना. रॉस्टेड यांनीच ती नावं ट्रेस डिफाइन एनमनं नोंदवून दुरुस्ती केली. मी लगेच त्या मुलीला कळवलं.

तिचं उत्तर आलं, “वाचलं अक्का, कालच. आपल्या फाइलीत असं आणखी कुठं आहे का ते शोधायला घेतलंय. दोन जागा सापडल्या.”